शेवटचा सामना सोडणाऱ्या पोराला गद्दार म्हणण्याआधी त्याच्या गुडघ्याकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलीच्या युनिव्हर्सिटीचा बाउल गेम (कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये सीझनच्या शेवटी होणारा खास सामना) बघायला तुम्ही घरातले चौघं विमानाने गेलात, तिकिटं, हॉटेल मिळून चांगलाच खर्च झाला, आणि ज्याला बघायला गेलात तो स्टार खेळाडू एनएफएलचा, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने कॉलेजची मुलं निवडतात तो) तोंडावर आलाय म्हणून मैदानात उतरलाच नाही. तीन-चार वर्षं कॉलेजच्या पैशावर शिकून-खाऊन शेवटच्या सामन्याला पाठ दाखवणं ही बेइमानी नाही का, आणि आपल्याकडे रणजी टाळून आयपीएलची तयारी करणाऱ्यांपेक्षा हे वेगळं काय, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुमचा धाकटा हायस्कूलला खेळतो, त्याने यातून काय घ्यायचं हेही.

मी मूळचा सांगलीचा, फिजिओथेरपी केली आणि गेली अठरा वर्षं इकडे अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंचं रिहॅब हेच माझं काम आहे, गुडघे, घोटे, खांदे, रोज तेच. त्यामुळे माझं उत्तर गुडघ्यापासूनच सुरू होणार. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याचं नाव ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये, म्हणजे निवडीच्या पहिल्या फेरीत, जवळपास नक्की आहे त्याने साधा बाउल गेम सोडला तर मी त्याला बेइमान म्हणणार नाही, माझा स्वतःचा मुलगा असता तर मी त्याला सोडच म्हटलं असतं. पण अशी मुलं दरवर्षी मोजकीच असतात, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी तेच केलं तर स्वतःचंच नुकसान करून घेतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता कॅलेंडर बघा, कारण सगळं त्यात आहे. बाउल गेम डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे एनएफएलचे ३२ संघ मुलांना पळवून, उड्या मारायला लावून, तपासून बघतात ते. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. सप्टेंबरला सीझन सुरू. आणि एसीएल तुटला, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध तिरका जाणारा तो लिगामेंट, तर ऑपरेशन करून परत पूर्ण ताकदीने धक्के खाण्याइतकं उभं राहायला नऊ महिने ते वर्ष. तुम्हीच महिने मोजा. सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या सीझनच्या सुरुवातीला गुडघा गेला तर निदान ड्राफ्टच्या वेळी तो पोरगा सरळ रेषेत पळताना दाखवता येतो, पण ३० डिसेंबरला गेला तर कम्बाइनला तो नुकतीच कुबडी सोडून आलेला असतो, आणि पहिल्या प्रोफेशनल वर्षाचा मोठा भाग हातातून जातो. म्हणजे दुखापतीला वर्षातला सगळ्यात वाईट मुहूर्त कुठला असं मला कोणी विचारलं तर मी बाउल गेमचेच दिवस सांगेन.

कम्बाइनची मेडिकल तपासणी टीव्हीवर दाखवत नाहीत. माझ्याकडे येणारी मुलं सांगतात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या संघांचे डॉक्टर बसलेले, पाळीपाळीने तोच गुडघा पकडून पुढे ओढणार, मागे ढकलणार, वळवणार. एक जण मला म्हणाला की गुडघा सामन्यात दुखला नव्हता तेवढा त्या दिवशी तपासून घेताना दुखला. तिथे एखाद्या संघाच्या डॉक्टरने नावापुढे फुली मारली की तो संघ तुमच्यासाठी संपला.

जेलन स्मिथचं उदाहरण द्यायलाच हवं. नोटर डेम युनिव्हर्सिटीचा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, २०१५ साली देशातला सगळ्यात चांगला लाइनबॅकर म्हणून बटकस अवॉर्ड मिळालेला, पहिल्या पाचात जाणार असं सगळे धरून चालले होते. १ जानेवारी २०१६, फिएस्टा बाउल, समोर ओहायो स्टेट. पहिल्याच क्वार्टरमध्ये गुडघ्याचे दोन लिगामेंट तुटले, आणि त्याहून वाईट म्हणजे नर्व्हला इजा झाली. त्याच सामन्यात समोरच्या बाजूने इझिकिएल एलिअट खेळत होता, त्याने चार टचडाउन मारले, म्हणजे चार वेळा बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला. एप्रिलमध्ये एनएफएलच्या डॅलस काउबॉयज संघाने एलिअटला चौथ्या नंबरला घेतलं, आणि दुसऱ्या राउंडमध्ये ३४ व्या नंबरला घेतलं जेलन स्मिथला. एकच सामना, एकच संघ, एकच ड्राफ्ट. एलिअटचा करार साधारण अडीच कोटी डॉलरचा, स्मिथचा साधारण ६५ लाखांचा. आणि स्मिथला एवढं तरी मिळालं कारण त्याचं ऑपरेशन करणारा सर्जन काउबॉयजचाच टीम डॉक्टर होता, त्यामुळे गुडघ्यात आत नेमकं काय झालंय आणि नर्व्ह परत येण्याची किती आशा आहे ते त्यांना इतरांपेक्षा नीट माहीत होतं. २०१६ च्या सीझनमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

नर्व्हला इजा म्हणजे काय ते बातमी वाचून कळत नाही हो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक छोटा उंचवटा लागतो, बोटाने चाचपून बघा, त्याच्याखालून वळसा घेऊन पेरोनियल नर्व्ह जाते, आणि पाऊल वर उचलायचं काम तिच्यावर आहे. गुडघा जोरात बाहेर वाकला की ती ताणली जाते, कधी तुटतेसुद्धा. माझ्याकडे असाच एक मुलगा होता, तोही लाइनबॅकर, एकशे पाच किलोचा. तो कॉरिडॉरमधून यायच्या आधी त्याच्या बुटाचा आवाज यायचा, पुढचा भाग फरशीला घासत यायचा, फरक्‌ फरक्‌. रोज सकाळी टेबलवर बसवायचं, मोजा काढायचा आणि म्हणायचं, अंगठा वर कर. तो अंगठ्याकडे बघत बसायचा, कपाळावर घाम यायचा, मांडी थरथरायची, आणि अंगठा जागचा हलायचा नाही. नर्व्ह दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला एक इंच समजा, त्यात घाई चालत नाही, मालिश चालत नाही, काही चालत नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी घोट्याच्या पुढची शीर, म्हणजे स्नायूचा टेंडन, कातडीखाली जराशी उचलली गेली, अंगठा हलला नव्हताच, नुसती शीर, आणि तो एवढा मोठा पोरगा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी पण. त्याची दुखापत सामन्यात नाही, सरावात झाली होती, ते खरं, पण तेव्हापासून बाउल सोडणाऱ्या मुलाला कोणी घाबरट म्हटलं की मला तो बुटाचा आवाज ऐकू येतो.

आता पैशाचं. २०११ च्या करारापासून एनएफएलमध्ये नवीन मुलाचा पगार जवळपास त्याच्या ड्राफ्टच्या नंबरावरच ठरतो, चार वर्षांचा करार, घासाघीस करायला फार जागा नाही. त्यामुळे पाचवा नंबर ते पस्तिसावा नंबर हा फरक इज्जतीचा वगैरे नसून सरळ काही कोटी डॉलरचा असतो. खरा मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो, पण तिथपर्यंत पोचायला शरीर टिकायला लागतं, आणि रनिंग बॅकसारख्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याच्या, जागेवर तर सत्ताविशीतच म्हातारा म्हणायला लागतात. त्यात हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये जाताच येत नाही, म्हणजे एखादा पोरगा विसाव्या वर्षीच तयार असला तरी त्याला कॉलेजमध्ये थांबून धक्के खावेच लागतात.

"पण विमा असतो ना" असं हमखास कोणीतरी म्हणतं. असतो. दोन प्रकार, एक कायमचं अपंगत्व आलं तर, आणि दुसरा ज्याला लॉस ऑफ व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे दुखापतीमुळे ड्राफ्टमध्ये ठरलेल्या नंबराच्या खाली घसरलात तर. पण हप्ता जबरदस्त, अटी बारीक अक्षरात, आणि घसरण दुखापतीमुळेच झाली हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. स्मिथला विम्याचे साधारण नऊ लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या होत्या. वरचे आकडे परत बघा आणि सांगा, भरून निघालं का? मिशिगनचा टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) जेक बट, ३० डिसेंबर २०१६ च्या ऑरेंज बाउलमध्ये त्याचा एसीएल गेला, पाचव्या राउंडपर्यंत घसरला, १४५ वा नंबर, डेन्व्हरने घेतलं. त्याला विम्याचे पाच लाख चाळीस हजारांच्या आसपास मिळाले म्हणतात.

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट, की त्याच डिसेंबरमध्ये हे ऑप्ट आउट, म्हणजे स्वतःहून सामना सोडण्याचं, प्रकरण पहिल्यांदा मोठ्याने गाजलं. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा क्रिश्चन मकॅफ्री, दोघांनी बाउल खेळणार नाही म्हणून जाहीर केलं, आणि लोकांनी त्यांना काय काय म्हटलं नाही. स्वार्थी, संघाशी दगा, एनएफएलचे संघ आता यांना हातही लावणार नाहीत. एप्रिलमध्ये फोर्नेट चौथा गेला, मकॅफ्री आठवा. संघांनी जराही शिक्षा केली नाही, आणि हे एकदा पोरांच्या, एजंटांच्या, आईवडिलांच्या लक्षात आल्यावर पुढे दरवर्षी यादी वाढतच गेली. २०१८ मध्ये ओहायो स्टेटचा निक बोसा सप्टेंबरच्या दुखापतीनंतर ऑक्टोबरमध्ये कॉलेजच सोडून गेला, तरी २०१९ ला दुसऱ्या नंबरला निवडला गेला. कोविडच्या २०२० मध्ये जमार चेस, पेनेई सुअल, मायका पार्सन्स अख्खं वर्ष खेळले नाहीत, तरी २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिघंही पहिल्या बारा जणांत.

बेइमानीचं म्हणाल तर मला एक सांगा. कोच काय करतात? नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी ब्रायन केली नोटर डेम सोडून एलएसयूला गेला आणि लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी), दोघांच्या जुन्या संघांचा बाउल गेम अजून व्हायचा होता. नोटर डेमला तर तेव्हा प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीची, थोडी आशासुद्धा होती. त्यांना कोटींचे करार मिळाले आणि लोक म्हणाले, धंदा आहे, चालायचंच. मग पन्नास वर्षांच्या माणसाने पुढच्या नोकरीचा विचार केला तर धंदा आणि एकवीस वर्षांच्या पोराने केला तर दगा, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. त्यातून त्या काळात खेळाडूला बाउलमधून अधिकृतपणे मिळायचं काय, तर साडेपाचशे डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू. घड्याळ, हेडफोन, बॅग. टीव्हीचा पैसा, कॉन्फरन्सचा पैसा, कोचचा बोनस यातलं काही त्याच्याकडे येत नव्हतं. धोका सगळा त्याच्या गुडघ्यावर आणि कमाई सगळी दुसऱ्यांची, असा तो मामला होता.

रणजीशी तुलना पूर्ण बसत नाही. बीसीसीआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशान किशन आणि श्रेयस अय्यरला वार्षिक करारातून वगळलं तेव्हा निदान करार होता, पगार होता, बोर्डाला सांगायचा हक्क होता. आणि क्रिकेटमध्ये परत यायला वेळ मिळतो, दोघंही २०२५ मध्ये करारात परत आले. इथे ड्राफ्ट आयुष्यात एकदाच होतो.

आता दुसरी बाजू, कारण ती नाही सांगितली तर मी खोटा ठरेन. ज्या जेलन स्मिथचं उदाहरण आम्ही सगळे देतो, त्याने स्वतः त्याच २०१६ च्या डिसेंबरमध्ये लिहिलं होतं की परत संधी मिळाली तरी मी तो सामना खेळेन. हे वाचून मला गप्प बसावं लागलं होतं. सरावात तुमच्या शेजारी उभं राहून तीन वर्षं जो पोरगा माती खातो, ज्याला एनएफएल कधीच दिसणार नाही, त्याच्यासाठी तो बाउल गेम हा खरोखर शेवटचा सामना असतो, सोमवारपासून तो नोकरी शोधणार असतो. त्याला वाईट वाटतं आणि ते वाटणं खरं आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडा स्टेटचं बघा, १३ पैकी १३ सामने जिंकलेला संघ, क्वार्टरबॅकचा (पास टाकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूचा) पाय मोडला म्हणून त्यांना चार संघांच्या प्लेऑफमध्ये घेतलं नाही, मग ऑरेंज बाउलला वीसच्या वर खेळाडू नव्हते, कोणी ऑप्ट आउट, कोणी दुसऱ्या कॉलेजला, कोणी जखमी, आणि जॉर्जियाने ६३-३ ने मारलं. उरलेल्या पोरांनी काय पाप केलं होतं? त्या सामन्याचा स्कोर बघताना मला बाहेर बसलेल्यांपेक्षा आत खेळणाऱ्यांच्या अंगाची काळजी वाटत होती, कारण दमलेला, अनुभव नसलेला खेळाडू जास्त जखमी होतो.

अलाबामाचे ब्राइस यंग आणि विल अँडरसन, दोघंही पहिल्या तीनात जाणार हे माहीत असून २०२२ च्या ३१ डिसेंबरला शुगर बाउल खेळले, यंगने पाच टचडाउन पास टाकले, आणि एप्रिलमध्ये पहिला आणि तिसरा नंबर लागला. मी तो सामना श्वास रोखून बघितला, खोटं कशाला बोलू. आदल्या सीझनच्या शुगर बाउलमध्ये मिसिसिपीचा मॅट कॉरल, खेळायचंच म्हणून उतरलेला, घोटा मुरगळून कुबड्यांवर बाहेर आला होता. तो पुढे तिसऱ्या राउंडपर्यंत खाली गेला, निव्वळ घोट्यामुळेच असं मी म्हणणार नाही, पण त्याच दिवशी टीव्हीवर आजच्या पोरांचं फुटबॉलवर प्रेम नाही अशी चर्चा झाली होती आणि काही तासांत हा मुलगा जखमी होऊन बाहेर होता. प्रेम मोजायची ही पद्धत बरोबर नाही एवढंच मला म्हणायचंय.

माझ्या मते सोडावं की नाही यापेक्षा कसं सोडावं यावर माणूस कळतो. नियमित सीझन संपला की लगेच कोचला सांगितलं तर बदली खेळाडूला तीन आठवडे पहिल्या संघाबरोबर सराव मिळतो. २०२३ मध्ये केलब विल्यम्स हॉलिडे बाउल खेळला नाही, त्याच्या जागी आलेल्या मिलर मॉसने सहा टचडाउन पास टाकले आणि यूएससी जिंकलं, तशी दारं उघडतात. पण जो सामन्याच्या दोन दिवस आधी फोन बंद करून निघून जातो त्याच्याबद्दल मलाही राग येतो. सोडलंत तर संघाबरोबर प्रवास करा, साइडलाइनला उभे राहा, ज्याला जागा दिलीत त्याला समोरच्या डिफेन्सचं जे कळलंय ते सांगा. हे करणारी मुलं आहेत, खूप आहेत, कॅमेरा त्यांच्याकडे वळत नाही.

गेल्या काही वर्षांत गणित थोडं बदललंय हेही खरं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि २०२५ पासून कॉलेजं थेट वाटा देतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. पैसे घेतले की जबाबदारी येते, करारातच बाउल खेळायची अट घालणं मला चुकीचं वाटत नाही, फक्त मग दुखापतीचा खर्च आणि विम्याचा हप्ताही कॉलेजने उचलावा. आणि २०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचा झाला, तिथे जिंकण्यासारखं काहीतरी असतं त्यामुळे तो सोडणारा विरळाच. सोडले जातात ते बाकीचे बाउल. डिसेंबर २०२५ मध्ये तर प्लेऑफमध्ये घेतलं नाही म्हणून अख्ख्या नोटर डेमने बाउलचं आमंत्रण नाकारलं. युनिव्हर्सिटीच जिथे नको म्हणते तिथे एका पोराकडून कसली निष्ठा मागायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कोणी सोडू नये. शेवटचं वर्ष बाकी असलेल्या मुलांना एनएफएलची सल्लागार समिती मागितल्यावर अंदाज देते, तीनच उत्तरं, पहिला राउंड, दुसरा राउंड, नाहीतर दोन्ही नाही. "दोन्ही नाही" आलेला मुलगा बाउल सोडायचं म्हणायला लागला की मी त्याला बसवून घेतो आणि विचारतो, तू वाचवतोयस काय? पाचव्या-सहाव्या राउंडच्या मुलासाठी, किंवा ड्राफ्टमध्ये नावच येणार नाही अशासाठी, चांगल्या संघासमोरचा आणखी एक सामना म्हणजे स्काउटला दाखवायला साठ-सत्तर प्लेचं, म्हणजे चालींचं, नवीन व्हिडिओ. ते सोडून जिममध्ये बसून चाळीस यार्ड धावण्याची वेळ दोन शतांश सेकंदाने कमी केली तर कोणाला पडलंय? एजंट मात्र सगळ्यांना सोडायलाच सांगतो, कारण सोडल्याने त्याचं काही जात नाही.

तुमच्या धाकट्याला यातलं काहीच लागू नाही. त्याने सगळे सामने खेळावेत, उडी मारून उतरताना गुडघा आत वाकत नाही ना हे कोणाला तरी दाखवून घ्यावं, आणि डोक्याला मार बसला तर लपवू नये, कोच ओरडला तरी नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मागच्या बचावातला खेळाडू, होता, घोट्याच्या रिहॅबला. "दोन्ही नाही" आलेला. रूममेट पहिल्या राउंडचा, तो बाउल सोडणार, म्हणून यालाही सोडायचं होतं. आम्ही दोन तास बोललो, त्याच्या आईला फोनवर घेतलं, घोटा परत तपासला, एका पायावर उड्या मारायला लावल्या, दोन्ही बाजू सारख्या आल्या. खेळ म्हणालो. तो खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, शब्द एकही नव्हता, हॉटेलच्या बाथटबच्या काठावर ठेवलेल्या दोन्ही घोट्यांचा फोटो होता, आणि सूज कुठेच नव्हती.